भविष्याची तयारी आणि वर्षभराचा कचरा

सेमिनारला जाताना माणसाने घरून जेवून जावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. उपाशी गेलं की अर्धंच भाषण ऐकून होतं, आणि अर्ध्या भाषणावर धंदा बदलायला घेतला की काय होतं ते गल्लीत कुणालाही विचारा. मला विचारलंत तर थोडं सौम्य करून सांगेन.

आम्ही गलाईवाले. सोनारांकडे मोडीत आलेलं सोनं आमच्याकडे येतं. आम्ही ते भट्टीत वितळवतो, ॲसिडमध्ये घालून त्यातलं तांबं-चांदी वेगळं काढतो आणि शुद्ध सोन्याची लगड करून परत देतो. सांगलीच्या पूर्वेकडच्या गावांतून आमची माणसं हा एकच उद्योग घेऊन देशभर पांगली. मदुराईला आहेत, रायपूरला आहेत, अमृतसरला आहेत. माझे वडील कलकत्त्याला आले, कारण मदुराईची जागा त्यांच्या मावसभावाने आधी धरली होती. बऊबाजारच्या एका गल्लीत त्यांनी तळमजल्यावर दुकान घेतलं, आणि तेच दुकान मी आजवर चालवत आलो. माझं बंगाली माझ्या मराठीपेक्षा बरं आहे असं बायको म्हणते. बंगाली शेजाऱ्यांचं मत नेमकं उलटं आहे.

आमच्या धंद्यात सध्या मुलगे येत नाहीत. आले तर त्यांना मुली मिळत नाहीत, कारण ॲसिडचा वास अंगावर घेऊन घरी येणारा नवरा कुणालाच नको असतो. त्यामुळे केमिकल इंजिनियर झालेली माझी मुलगी एक दिवस जेवताना म्हणाली, ‘दुकान मी बघितलं तर चालेल का?’ तेव्हा मी तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. आमच्याकडे भट्टीपुढे मुलगी बसल्याचं मी तरी ऐकलेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून मी आमटीत मीठ कमी आहे असं म्हणालो.

‘पण एक अट आहे, पप्पा,’ ती म्हणाली. ‘परवानगीशिवायच्या दुकानात मी बसणार नाही. प्रदूषणवाले साहेब येऊन ओके करून गेले तर मी इथे. नाही केलं तर गुजरातला. तिथल्या कारखान्याने बोलावलंय, महिनाअखेर त्यांना हो की नाही ते सांगायचंय.’

नियम नवे होते आणि सरळ होते. राहत्या वस्तीत ॲसिडचा धूर सोडायचा नाही. दुकान चालू ठेवायचं तर धूर धुऊन काढणारं यंत्र बसवा, तपासणी करून घ्या. नाहीतर नदीपलीकडे हावड्याला, कारखान्यांच्या शेडमध्ये जा. आता बऊबाजारचा सोनार खिशात सोनं घेऊन पूल ओलांडून हावड्याला येईल, ही कल्पना ज्याने केली त्याने सोनार पाहिलेला नसावा. आमचं गिऱ्हाईक सोनं वितळेपर्यंत भट्टीसमोर स्टूल टाकून बसतं आणि शिंक आली तरी डोळे मिटत नाही. म्हणजे परवानगी नाही तर दुकान नाही, आणि दुकान नाही तर मुलगी नाही. इतकं साधं गणित होतं.

त्याच सुमारास व्यापाऱ्यांच्या संघटनेने एस्प्लनेडजवळच्या एका हॉटेलात सेमिनार ठेवला. विषय होता, उद्याच्या बदलांसाठी आपला व्यवसाय कसा तयार ठेवावा. मी नवा पांढरा शर्ट घालून गेलो. सुटातला एक गृहस्थ कानाला माइक अडकवून येरझाऱ्या घालत होता. मागच्या पडद्यावर तीन बाण होते: समाज बदलतोय, तंत्रज्ञान बदलतंय, कायदा बदलतोय. तिन्ही बाण एका गोल माणसाच्या पोटात घुसलेले. तो व्यापारी. माझ्याशी त्याचं बरंच साम्य होतं.

‘तुम्ही तयार आहात का?’ वक्त्याने विचारलं. मी मान हलवली.

‘जो लगेच मान हलवतो, तो तयार नसतो,’ तो म्हणाला. मला माणूस पटला.

पहिल्या भागात त्याने सांगितलं की बदलाची वाट बघू नका, आधीच पाऊल उचला, जुनाट दिसणारं सगळं काढून टाका. मग मध्यंतर झालं आणि फिश फ्रायची रांग लागली. रांग लांब होती. मी दोनदा लावली. दुसऱ्या भागात तो काय बोलला ते मला ठाऊक नाही.

पुढच्याच आठवड्यात मी टंच काढायचं मशीन घेतलं. टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. आम्ही ती आजवर कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सांगत आलो. माझ्या नजरेचं गल्लीत नाव आहे. ते मीच केलेलं आहे. मशीनमध्ये दागिना ठेवला की आकडा पडद्यावर येतो, नजरबिजर काही लागत नाही. पहिला मान म्हणून मी सासऱ्यांनी लग्नात घातलेली माझी अंगठी आत ठेवली. ‘बावीस कॅरेट,’ मी आधीच जाहीर केलं. इतकी वर्षं मी तेच सांगत होतो. पडद्यावर जो आकडा आला तो घरातल्या शांततेसाठी मी इथे देत नाही.

बायकोने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ‘मशीन बिघडलंय,’ ती म्हणाली.

‘आई, कंपनीचा माणूस आत्ता तपासून गेला,’ मुलगी म्हणाली.

‘मग यांचं बोट खराब असेल. सोनं उतरलं त्यानं.’

त्या मशीनला कलकत्त्याची दमट हवा सोसत नाही, म्हणून त्याला काचेची खोली आणि एसी लागला. तेव्हापासून आमच्याकडे मशीन थंडीत बसतं आणि माणसं भट्टीपुढे. गिऱ्हाइकांनी स्टूल उचलून काचेच्या खोलीत नेलं. तिथून भट्टी दिसत नाही, पण आता कुणाला बघायचीच नसते. मी याला तंत्रज्ञानाचा स्वीकार म्हणतो. बायको याला विजेचं बिल म्हणते.

धूर धुणाऱ्या यंत्राचं मात्र मुलीने माझ्या हाती काही लागू दिलं नाही. तिनेच आराखडा केला, तिनेच माणसं आणली, ॲसिडच्या भांड्यांवर झाकणासारखा पत्रा बसवून त्याचा पाइप मागच्या बोळात नेला. काम चोख झालं. तपासणीची वेळ ठरली, सोमवार दुपार. शनिवारपर्यंत सगळं जागच्या जागी होतं आणि मला करायला काही उरलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी घरात ठेवू नये, कुठेतरी पाठवून द्यावं. पण त्या रविवारी बायको आणि मुलगीच बागबाजारला एका मराठी कुटुंबाकडे पूजेला गेल्या, आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे राहिली.

मी दुकान साहेबांच्या नजरेने पाहिलं. फरशी काळी. कोपऱ्यात गंजके पत्र्याचे डबे. भिंतीला लागून एक मोठं प्लॅस्टिकचं पिंप, त्यात गढूळ पाणी. खिळ्याला लटकलेली कळकट फडकी. पायाखाली झिजलेलं तागाचं पायपुसणं. जुनाट दिसणारं सगळं काढून टाका, असं तो सुटातला म्हणालाच होता. मी ऑफिसं आणि लग्नाचे हॉल साफ करणाऱ्या एका कंपनीला फोन केला. गणवेशातले तिघे आले, सोबत व्हॅक्युम क्लीनर.

‘काय ठेवायचं, काय न्यायचं, दादा?’ त्यांच्यातल्या मोठ्याने विचारलं.

‘यंत्रं आणि भट्टी सोडून काही ठेवू नका,’ मी म्हणालो. आवाजात अधिकार होता, तो मला स्वतःलाच आवडला.

त्यांनी खरंच काही ठेवलं नाही, पिंप तेवढं रिकामं करून भिंतीशी उभं केलं. दुपारी फरशीत माझा चेहरा दिसायला लागला. मी तिघांना चहा पाजला, दुकानाचा फोटो काढला आणि देशभरच्या गलाईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘बदलासाठी सज्ज.’

पहिलं उत्तर मदुराईहून आलं. ‘भाऊ, डबे कुठं गेले?’

मग रायपूरहून, ‘पिंपातलं पाणी कुठाय?’

मग अमृतसरहून नुसते हात जोडलेले.

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगतो. गलाईच्या दुकानातून कचरा बाहेर जात नाही. भट्टीतून उडालेले कण, मुशीच्या, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्याच्या, फुटक्या कपच्या, हात पुसलेली फडकी, झाडलोट, पायपुसणंसुद्धा, सगळं डब्यांत साठवायचं. हात आणि भांडी धुतलेलं पाणी पिंपात. दिवाळीआधी ते सारं जाळून, धुऊन, वितळवून त्यातलं सोनं काढायचं. आणि ते सोनं घरच्या बाईचं. हा कायदा माझ्या वडिलांच्याही आधीचा आहे. सरकारी नसल्यामुळे तो आजवर कुणी मोडलेला नव्हता. दिवाळी पुढच्याच महिन्यात होती.

मी हे सगळं बोलता यायच्या आधीपासून जाणतो. तरी तिथे उभा राहून, चहा हातात घेऊन, मी त्या माणसांना पिंप कलंडवायला जागा करून दिली होती.

बायकोनेही तो फोटो ग्रुपवरच पाहिला. बागबाजारहून फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘अहो,’ ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही कुठंतरी पडलात का? डोक्यावर?’

सफाई कंपनीचं गोदाम निघालं हावड्याला. रविवारी तिथे कुणी फोन उचलेना. सोमवारी सकाळी मी पहिल्या लाँचने नदी ओलांडायला निघालो. साहेब यायच्या आत कचरा जागेवर असायला हवा, असं मी मनाशी ठरवलं होतं. का, ते ठरवलं नव्हतं. मुलगी म्हणाली होती, ‘पप्पा, राहू दे ना. कचरा गेला तर गेला. तुम्ही इथे थांबा.’ मग म्हणाली, ‘नाहीतर जा. जाणंच बरं.’

लाँचमध्ये फोन काढला तर संघटनेने सेमिनारच्या सगळ्या स्लाइड्स पाठवल्या होत्या. मध्यंतरानंतरची पहिलीच स्लाइड अशी: ‘काहीही बदलण्याआधी, आपण आज काय करतो आणि का करतो हे घरातल्या आणि दुकानातल्या प्रत्येकाला विचारा.’ पुढची: ‘आपली काही जुनी पद्धत उद्याच्या नियमात आधीच बसते का ते तपासा.’ त्या फिश फ्रायचा तेलकटपणा मला तिथे, नदीच्या मधोमध, पुन्हा जाणवला.

गोदामात पोत्यांची रास होती. पालिकेची गाडी अजून आली नव्हती एवढंच माझं नशीब. पण आमच्या पोत्यांत एका लग्नाच्या हॉलची, एका बँकेची आणि एका सलूनची पोती मिसळली होती. तिथल्या मुकादमाला मी काय सांगणार? कचऱ्यात सोनं आहे म्हणालो असतो, तर त्यानं पोती विकायला काढली असती. म्हणून मी म्हणालो, ‘मुलीचं कानातलं पडलंय.’

माणूस फारच भला निघाला. त्याने लगेच दोघांना हाक मारली. ‘अरे, दादांच्या मुलीचं कानातलं शोधा. कसलं होतं, दादा? झुमका?’

‘टॉप,’ मी म्हणालो.

‘खडा?’

‘लाल.’

दोघे एकेक पोतं उघडून फरशीवर ओतायला लागले. ‘ओतू नका,’ मी म्हणालो, ‘मी घरी नेऊन शोधतो.’ पण भल्या माणसांना आवरणं कठीण असतं. थोड्याच वेळात त्यातल्या एकाने लग्नाच्या हॉलच्या पोत्यातून एक लाल मणी वर काढला. ‘मिळालं, दादा!’ त्याचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर बरं वाटलं.

‘हे नाही,’ मी म्हणालो. ‘दुसऱ्या कानातलं.’

‘दोन्ही पडली?’

‘हो. एकदमच.’

मुकादमाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. ‘दादा, घरी कुणी आहे का? फोन करू का कुणाला?’

शेवटी त्याने मला हवी ती पोती नेऊ दिली. माझ्या दुःखावर वाद घालण्यात अर्थ नाही असं त्याला वाटलं असणार. मी पोती हुंगून ओळखली. आमच्या कचऱ्याला भट्टीचा आणि ॲसिडचा वास असतो. तीन पोती टॅक्सीत घातली, मी त्यांच्यावर बसलो आणि पूल ओलांडला. पुलावर गर्दी होती. दुकानाशी पोचलो तेव्हा साहेब आधीच आत होते.

दाराशी मी थांबलो. मुलगी त्यांना यंत्र दाखवत होती; धूर कुठून आत जातो, पाण्याखाली कसा धुतला जातो, बाहेर काय सोडतो. साहेब मान डोलवत होते. बायको काचेच्या खोलीशी पदर सावरून उभी होती. एवढी नीट उत्तरं त्या दुकानाने कधी ऐकली नव्हती.

‘आणि घन कचरा?’ साहेबांनी विचारलं.

‘बाहेर काही जात नाही, सर,’ मुलगी म्हणाली. ‘सगळं साठवतो आणि त्यातला धातू परत काढतो. आमच्यात पहिल्यापासून तसंच करतात.’

‘वा,’ साहेब म्हणाले. ‘हेच तर आम्ही सगळ्यांना सांगतो.’

आणि मी पोतं खांद्यावर घेऊन आत शिरलो.

‘हे कोण?’

‘माझे वडील,’ मुलगी म्हणाली. त्याआधी ती थोडी थांबली होती, हे मी नाकारणार नाही.

‘पोत्यात काय आहे?’

कोळसा म्हणता आलं असतं. पण सकाळपासून एक खोटं सांभाळता सांभाळता मी थकलो होतो. ‘आमचा कचरा,’ मी म्हणालो.

‘कुठून आणलात?’

‘हावड्याहून.’

‘म्हणजे तुमचा कचरा हावड्याला जातो?’

‘जात नाही,’ मी म्हणालो. ‘कालच पहिल्यांदा गेला.’

बायकोने डोळे मिटले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांची नजर भिंतीकडच्या पिंपाकडे गेली. ‘हे रिकामं का? यात काय असतं?’

मी तोंड उघडलं, पण मुलगी आधी बोलली. ‘धुण्याचं पाणी. ॲसिडचा अंश असलेलं. काल सफाईच्या वेळी ते गटारात गेलं, सर. जायला नको होतं. सफाईवाल्यांना सांगायला हवं होतं, ते सांगितलं गेलं नाही.’

‘कुणी सांगायचं होतं?’

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. बायकोने पाहिलं. मग साहेबांनीही पाहिलं.

त्यांनी पोतं उघडायला सांगितलं. मी मोठ्या उत्साहाने तोंड सोडलं आणि वरून केसांचा ढीग फरशीवर सांडला. काळे, पांढरे, मेंदी लावलेले. सलूनचा कचरा आमच्यात शिरला होता.

‘दादा,’ साहेब म्हणाले, ‘तुम्ही केसही गाळता?’

निकाल वाटला होता तितका वाईट लागला नाही, आणि हवा होता तितका चांगलाही नाही. धुराच्या यंत्राला त्यांनी बरोबर म्हटलं. गटाराच्या पाण्याचा नमुना घेतला. पिंपाच्या जागी पक्की, कुलूप लागणारी टाकी बांधा, तोवर ॲसिडचं काम बंद, मग मी पुन्हा येऊन बघेन, असं सांगितलं. शेवटी विचारलं, ‘या दुकानाची जबाबदारी कुणाच्या नावावर लिहू? शिकलेला माणूस लागेल.’

मी ताठ उभा राहिलो. त्यांनी पेन मुलीच्या दिशेने केलं होतं. तिने आपलं नाव सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

ते गेले. बायकोने स्टोव्हवर चहा ठेवला. मुलगी जमिनीवर बसून नव्या टाकीचं माप घेत होती. मला त्या नावाचा भरवसा वाटत नव्हता. नाव लिहून दिलं म्हणून माणूस थांबतो असं नाही, आणि काम बंद असलेल्या दुकानासाठी कोण गुजरात सोडतं? विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. बायकोच्यात होती.

‘मग त्या कारखान्याला काय कळवायचं?’

‘कळवलं,’ मुलगी म्हणाली. ‘येत नाही म्हणून.’

‘कधी? साहेब गेल्यावर?’

‘सकाळीच. पप्पा हावड्याला गेले तेव्हा.’

‘अगं, पण तेव्हा तर काहीच ठरलं नव्हतं. साहेबांनी नाही म्हटलं असतं तर?’

‘नाही म्हटलं असतं तर पुन्हा अर्ज केला असता.’ तिने टेपचं टोक माझ्याकडे दिलं आणि भिंतीशी धरायला सांगितलं. ‘आई, तो फोटो बघितला तेव्हाच मी ठरवलं. हे दुकान यांच्या एकट्यावर टाकून कुठे जाणार?’

हा सगळा माझ्या योजनेचाच भाग होता, असं म्हणावंसं मला फार वाटलं. बायकोने चहाच्या पेल्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मी तो विचार सोडला. माप झाल्यावर मी पोत्यापाशी बसलो आणि कचऱ्यातून एकेक केस वेचून बाजूला काढू लागलो. ते काम मला करू देण्यात काही धोका नाही, असं नव्या मालकीणबाईंचं मत पडलं होतं.